कॅफेतले कार्यालय : भोपाळमधील सार्वजनिक जागा आणि दूरस्थ काम

संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या दोन साधनांवर ज्यांचे काम चालते, त्यांना रोज ठरावीक इमारतीत जाऊन बसण्याची गरज गेल्या काही वर्षांत बरीच कमी झाली आहे. कुणी घरून काम करतो, कुणी गावाकडून. घरात जागा किंवा शांतता नसेल तर कुणी कॅफेत, ग्रंथालयात, रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षागृहात किंवा बागेतल्या बाकावर बसून काम उरकतो. या शेवटच्या प्रकाराला सार्वजनिक जागेतून होणारे दूरस्थ काम असे म्हणता येईल. घर आणि कार्यालय यांच्या मधल्या जागेत ते चालते. त्याचे फायदे, तोटे आणि शिष्टाचार यांमुळेच या दोहोंपेक्षा वेगळे आहेत.

या विषयाची चर्चा बहुधा बंगळुरू, पुणे किंवा गोव्याच्या किनारपट्टीपुरती होते. प्रत्यक्षात त्याचा खरा कस मध्यम आकाराच्या, राजधानीच्या शहरांत लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख लोकसंख्या असलेले मध्य प्रदेशचे भोपाळ हे असे एक शहर. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीसाठी इथल्या तरुणांना आजवर शहर सोडावे लागत असे. नोकरी दूरच्या शहरात आणि मुक्काम आपल्या गावात, हे गणित जुळायचे असेल तर बसायला जागा हवी. भोपाळमध्ये ती जागा कुठे मिळते आणि कोणत्या अटींवर मिळते, हे पाहणे गोमंतकीय वाचकांनाही उपयोगाचे ठरेल.

कल्पनेचा प्रवास

कॉफीच्या दुकानात बसून धंदा करणे ही इंटरनेटच्या काळातली नवलाई नव्हे. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड यांचे कॉफीगृह होते. १६८८ मध्ये त्याचा उल्लेख आढळतो. जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी तिथे बसत, जहाजांच्या बातम्या घेत आणि विम्याचे व्यवहार ठरवत. लॉइड्स ही जगप्रसिद्ध विमा बाजारपेठ त्याच कॉफीगृहातून वाढली.

आधुनिक अर्थाने दूरस्थ कामाची कल्पना अमेरिकी अभियंते जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये मांडली. माणसाने कामाकडे जाण्यापेक्षा काम माणसाकडे यावे, हा तिचा गाभा होता. रस्त्यांवरची गर्दी आणि इंधनाचा अपव्यय ही त्यामागची तेव्हाची कारणे होती. १९८९ मध्ये समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी ‘तिसरी जागा’ ही संज्ञा रूढ केली. घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जिथे माणसे विनाकारण एकत्र येऊन बसतात ती तिसरी. चहाची टपरी, न्हाव्याचे दुकान, गावातला पार ही तिची आपल्याकडची उदाहरणे. वाय-फाय हे नाव १९९९ मध्ये बाजारात आले आणि तारेवाचून इंटरनेट मिळू लागले. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग यांनी स्वतंत्र व्यावसायिकांसाठी भाड्याची सामायिक कामाची जागा सुरू केली. आज सर्वत्र दिसणाऱ्या को-वर्किंग केंद्रांचे मूळ तिथे आहे.

भारतात या सर्वाला वेग आला तो २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीने. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांवरील नियम सैल करून कर्मचाऱ्यांना घरून किंवा कुठूनही काम करण्याचा मार्ग मोकळा केला. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये ‘४३ अ’ हा स्वतंत्र नियम आणण्यात आला. म्हणजे ही सवय केवळ सोयीतून रुजली नाही. तिला नियमांचाही आधार मिळत गेला.

कार्यालयांमागे आलेले शहर

भोपाळचा आधुनिक इतिहास कार्यालयांच्या स्थलांतराशी जोडलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील सरकारी खात्यांतील असंख्य कर्मचारी आपली बिऱ्हाडे उचलून भोपाळला आले. त्यांत मराठी कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. नव्या राजधानीत वसवलेल्या सरकारी वसाहतीला तात्या टोपे यांचे नाव मिळाले. आज ती ‘टी. टी. नगर’ या संक्षेपाने ओळखली जाते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सरकारी अवजड विद्युत उपकरण कंपनीचा, म्हणजे पुढच्या ‘भेल’चा, कारखाना भोपाळात उभा राहिला आणि त्याच्याभोवती वेगळे उपनगर वसले.

कार्यालय जिथे, कुटुंब तिथे, हा त्या पिढीचा नियम होता. पुढच्या पिढीने तोच नियम उलट्या दिशेने पाळला. शिक्षण भोपाळात, नोकरी पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत. दूरस्थ कामाने हा नियम काही जणांपुरता तरी मोडला. वृद्ध आईवडिलांजवळ राहून दुसऱ्या शहरातील कंपनीचे वेतन घेणे शक्य झाले. महानगरातले घरभाडे वाचले. त्याबरोबर नवी अडचणही उभी राहिली. सरकारी वसाहतीतील किंवा जुन्या शहरातील दोन-तीन खोल्यांच्या घरात दिवसभर बैठका घेणे, तेही दूरचित्रवाणी, पाहुणे आणि स्वयंपाकघराच्या आवाजात, सोपे नसते. घरी दिसणारा माणूस मोकळाच आहे, असा समज घरच्यांचाही होतो. कॅफेकडे वळणारी पावले बहुधा या कारणाने वळतात.

पटिये आणि कॉफी हाऊस

घराबाहेर बसण्याची परंपरा भोपाळला नवीन नाही. जुन्या शहराच्या गल्ल्यांत दुकानांसमोर आणि घरांबाहेर दगडी फरशा किंवा लाकडी फळ्या असत. त्यांना ‘पटिये’ म्हणतात. दुकाने बंद झाली, रात्रीचे जेवण आटोपले की या पटियांवर मंडळी जमत. बुद्धिबळाचे डाव, शेरोशायरी, राजकारण आणि गावगप्पा उत्तररात्रीपर्यंत चालत. सोबतीला चिमूटभर मीठ घातलेला दुधाचा सुलेमानी चहा असे. केरळात सुलेमानी म्हणजे कोरा, लिंबाचा चहा. भोपाळचा सुलेमानी त्याहून निराळा. पटियावर बसायला पैसे लागत नसत आणि उठायला कुणी सांगत नसे. ओल्डनबर्ग यांच्या तिसऱ्या जागेचे हे अस्सल देशी रूप होय.

नव्या शहरात हीच भूमिका न्यू मार्केटमधील इंडियन कॉफी हाऊसने बजावली. या संस्थेचा इतिहास मुंबईत सुरू होतो. १९३६ मध्ये चर्चगेटजवळ कॉफीच्या प्रसारासाठी पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. १९५० च्या दशकाच्या मध्यास कॉफी बोर्डाने ही दुकाने बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन करून ती स्वतःच चालवायला घेतली. १९५७ मध्ये बंगळुरूत अशी पहिली संस्था उभी राहिली. मध्य प्रदेशातील कॉफी हाऊस जबलपूरच्या कामगार सहकारी संस्थेच्या छत्राखाली येतात. तुऱ्याचे फेटे बांधलेले वाढपी, डोसा, कटलेट आणि परवडणारी कॉफी यांमुळे सरकारी नोकर, पत्रकार, लेखक आणि नाट्यकर्मी यांचा तो अड्डा झाला. तिथे वह्या उघडून लिहिणारी माणसे लॅपटॉपच्या आधीपासून होती.

आज कुठे बसता येते

भोपाळमध्ये आज कामासाठी बसण्याच्या जागांचे ढोबळ मानाने पाच प्रकार करता येतील.

पहिला प्रकार कॉफी हाऊसचा. इथे खर्च कमी आणि वातावरण आपलेपणाचे असते. मात्र भेटीगाठी हाच या जागेचा धर्म असल्याने गोंगाट गृहीत धरावा लागतो. न्याहारीच्या आणि सायंकाळच्या गर्दीत टेबल अडवून बसणे योग्य नाही. ईमेल, वाचन, टिपणे काढणे यांसाठी जागा चांगली, बैठकीसाठी नाही.

दुसरा प्रकार नव्या धर्तीच्या कॅफेंचा. महाराणा प्रताप नगर म्हणजे एम. पी. नगर, अरेरा कॉलनी, दहा नंबर मार्केट, शाहपुरा या भागांत ते आढळतात. वातानुकूलन, विजेचे प्लग आणि वाय-फाय या तीन गोष्टी इथे मिळू शकतात आणि कॉफीच्या किमतीत त्यांचे भाडे मिसळलेले असते. एम. पी. नगर हा शिकवणी वर्गांचाही परिसर आहे. त्यामुळे तिथे अभ्यासाची वही आणि नोकरीचा लॅपटॉप शेजारी शेजारी दिसणे स्वाभाविक आहे.

तिसरा प्रकार ग्रंथालयांचा. रोशनपुरा परिसरातील स्वामी विवेकानंद ग्रंथालय पूर्वी ब्रिटिश कौन्सिलशी जोडलेले होते. जुन्या शहराच्या बाजूला मौलाना आझाद मध्यवर्ती ग्रंथालय नवाबी काळातील वास्तूत आहे. ग्रंथालयात शांतता मिळते आणि काही विकत घेण्याचे बंधन नसते. परंतु फोनवर बोलता येत नाही, आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी सकाळपासून जागा धरून असतात. जिथे त्यांच्या हक्काच्या खुर्च्याच अपुऱ्या आहेत, तिथे पगारदार नोकराने दिवसभर जागा अडवावी का, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे.

चौथा प्रकार रेल्वे स्थानकांचा. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी पुनर्विकसित राणी कमलापती स्थानकाचे उद्घाटन झाले. हे पूर्वीचे हबीबगंज. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून पुन्हा उभारलेले हे देशातील पहिले मोठे स्थानक. रुळांच्या वर बांधलेल्या प्रशस्त दालनात बसण्याची सोय आहे. दिल्ली किंवा मुंबईच्या गाडीची वाट पाहताना तासभराचे काम इथे सहज होते. मात्र स्थानक प्रवाशांसाठी आहे, हे विसरता येत नाही. फलाट तिकीट दोन तासांपुरतेच वैध असते.

पाचवा प्रकार भाड्याच्या को-वर्किंग केंद्रांचा. दिवसाचे किंवा महिन्याचे भाडे भरून इथे टेबल, खुर्ची, जोडणी आणि बैठकीची बंद खोली मिळते. रोज पाच-सहा तास बाहेर काम करणाऱ्याला कॅफेपेक्षा हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, कारण कॅफेतला खर्च खाण्यापिण्याच्या रूपाने विखुरलेला असतो आणि तो मोजला जात नाही.

यांखेरीज मोठ्या तलावाचा काठ आहेच. अकराव्या शतकातील राजा भोज यांच्या नावाशी जोडलेला हा तलाव भोज पाणथळ क्षेत्राचा भाग असून २००२ पासून रामसर यादीत आहे. काठावर १९८२ मध्ये उघडलेले भारत भवन उभे आहे. त्याचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया हे मूळ गोमंतकीय घराण्यातले. पणजीतील कला अकादमीही त्यांचीच. दोन्ही वास्तूंत पाण्याकडे उघडणाऱ्या, माणसाला रेंगाळू देणाऱ्या मोकळ्या जागा आहेत. तलावाकाठी लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडते आणि वीज नसते, म्हणून प्रत्यक्ष काम फारसे होत नाही. दोन बैठकांमधली विश्रांती म्हणून मात्र त्याला तोड नाही.

एका खुर्चीचा हिशेब

कॅफेमालक आणि लॅपटॉपधारी ग्राहक यांच्यातील तणावाचे मूळ खुर्चीच्या तासात आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कॅफेत २० खुर्च्या आहेत आणि तो दिवसाला १० तास उघडा असतो. म्हणजे विकायला २०० खुर्ची-तास आहेत. साधारण ग्राहक तासभर बसून २०० रुपये खर्च करतो असे मानले, तर भरलेल्या खुर्चीचे तासाचे उत्पन्न २०० रुपये. याउलट १५० रुपयांच्या एका कॉफीवर चार तास बसणाऱ्याकडून तासाला साडेसदतीस रुपये मिळतात. भाडे, वीज, दूध आणि पगार तेवढेच राहतात.

अर्थात हा तोटा तेव्हाच खरा, जेव्हा दुसरा ग्राहक जागेअभावी परत जातो. सकाळी अकराला किंवा दुपारी साडेतीनला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील तर बसून राहिलेला ग्राहक नुकसान करत नाही. उलट, आत माणसे दिसल्याने कॅफे चालू असल्याची खूण रस्त्यावरच्यांना पटते. म्हणून जाणता मालक गर्दीच्या वेळेपुरती मर्यादा घालतो आणि जाणता ग्राहक त्या वेळी आपण होऊन उठतो. दर दीड-दोन तासांनी काही मागवणे, एकट्याने चार जणांचे टेबल न अडवणे, चार्जरची वायर वाटेत न टाकणे, बैठकीला हेडफोन वापरणे आणि लांबलचक फोनसाठी बाहेर जाणे एवढ्या गोष्टी पाळल्या तरी बहुतेक कुरबुरी मिटतात. कॅफे ही खासगी मालमत्ता आहे. बसण्याची मुदत ठरवण्याचा मालकाला अधिकार आहे. मात्र ती मुदत फलकावर आधीच लिहिलेली असावी, ही ग्राहकाची अपेक्षाही रास्त आहे.

जोडणी कुठून येते

सार्वजनिक वाय-फाय वापरताना मोबाइल क्रमांक आणि ओटीपी का मागतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईतील एका असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे उघड झाले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवणे बंधनकारक केले. ओटीपीची पद्धत त्यातून आली. भिंतीवर पासवर्ड चिकटवून सर्वांना जोडणी देणारा कॅफे ग्राहकाची सोय पाहतो, पण स्वतः जोखीम पत्करतो.

रेल्वे स्थानकांवर रेलटेलने गूगलच्या सहकार्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथून मोफत वाय-फाय सुरू केले. ही सेवा मिळालेल्या पहिल्या दहा स्थानकांत पुण्याबरोबर भोपाळचाही समावेश होता. गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेतले, तरी रेलटेलची सेवा चालू राहिली. दिवसाची पहिली ३० मिनिटे विनामूल्य आणि पुढे शुल्क, अशी तिची रचना आहे.

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदार किंवा चहावाला विनापरवाना, विनाशुल्क आपल्या दुकानातून वाय-फाय विकू शकतो, ही तिच्यामागची कल्पना. जुन्या काळच्या पीसीओ बूथसारखीच ती आहे, फक्त फोनच्या जागी इंटरनेट. ही योजना गल्लोगल्ली रुजली तर महागड्या कॅफेवाचूनही काम करता येईल.

तोवर व्यवहार्य मार्ग म्हणजे स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. तासाभराच्या व्हिडिओ बैठकीला चित्राच्या दर्जानुसार साधारण एक जीबी डेटा लागू शकतो. दिवसाला दीड-दोन जीबीची योजना असणाऱ्याने बैठकीत गरज नसताना कॅमेरा बंद ठेवावा.

माहितीची सुरक्षा

सार्वजनिक जागेतील कामाचा सर्वांत गंभीर पैलू हा आहे. धोका तीन वाटांनी येतो. पहिली वाट डोळ्यांची. मागच्या टेबलावरच्या माणसाला पडदा दिसतो. बाजूने पाहिल्यास पडदा काळा दिसेल अशी काचपट्टी मिळते. भिंतीला पाठ लावून बसणे हा बिनखर्चाचा उपाय. दुसरी वाट कानांची. ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक, पगाराचे आकडे, रुग्णाची माहिती भर कॅफेत मोठ्याने बोलली जाते आणि बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

तिसरी वाट जोडणीची. कॅफेच्या नावाशी मिळतेजुळते बनावट वाय-फाय कुणीही उभे करू शकतो. म्हणून जोडणीचे नेमके नाव काउंटरवर विचारून घ्यावे. संकेतस्थळांची बहुतांश वाहतूक आता सांकेतिक स्वरूपात होत असल्याने पूर्वीइतका धोका राहिलेला नाही. तरीही कंपनीने दिलेले व्हीपीएन चालू ठेवणे, संगणकातील फाइल शेअरिंग बंद ठेवणे आणि बँकेचे व्यवहार मोबाइल डेटावरच करणे इष्ट. लॅपटॉपची संपूर्ण साठवण सांकेतिक करून ठेवली, तर यंत्र चोरीला गेले तरी आतली माहिती वाचते. प्रसाधनगृहात जाताना शेजाऱ्याला ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणणे हा सौजन्याचा भाग झाला, सुरक्षेचा नव्हे.

२०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जबाबदारी संस्थेची असली तरी चूक कर्मचाऱ्याकडून घडली तर नोकरी त्याची जाते. त्यामुळे आपल्या कंपनीचे नियम सार्वजनिक जागेतून काम करू देतात का, हे लेखी विचारून घेणे शहाणपणाचे. आर्थिक फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

महिलांची जागा

पटियांची संस्कृती कितीही लोभस असली तरी ती पुरुषांची होती. रात्रीच्या त्या मैफलीत स्त्रियांना जागा नव्हती. ज्या भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केले, त्याच भोपाळमध्ये ही स्थिती होती, हे विशेष. शेवटच्या बेगम सुलतान जहाँ यांनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र क्लब स्थापन केला, तो याच उणिवेवरचा उतारा म्हणता येईल.

घरून काम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला नोकरीबरोबर घरकामही येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दाराची घंटा, मुलांचा अभ्यास, सासूसासऱ्यांचे औषध या सर्वांना ती ‘घरीच तर आहे’ म्हणून उपलब्ध धरली जाते. तिच्यासाठी चार तासांचे कॅफेतले टेबल ही चैन नसून कामाची गरज असते. मात्र तिची निवड वेगळ्या कसोट्यांवर ठरते : स्वच्छ प्रसाधनगृह, उजेडाचा रस्ता, सायंकाळनंतर मिळणारे वाहन आणि एकटीने बसल्यावर रोखून न पाहणारी माणसे. भोपाळ असो वा म्हापसा, सार्वजनिक जागा खरोखर सार्वजनिक आहे की नाही, हे या चार गोष्टींवरून कळते.

शरीराचे म्हणणे

कॅफेतल्या खुर्च्या तासाभराच्या गप्पांसाठी घडवलेल्या असतात. बैठे टेबल, पाठीला आधार नाही आणि लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या खाली, यामुळे मान सतत वाकते. घडीचा स्टँड आणि सुटा कळफलक पिशवीत ठेवल्यास हा ताण बराच कमी होतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला पाळायला सोपा आहे.

कॉफीचेही प्रमाण हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये असे म्हटले आहे. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, तर झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. खुर्चीचे भाडे कॉफीच्या रूपाने फेडणाऱ्याने तिसऱ्या कपानंतर लिंबूपाणी मागवावे.

गोमंतकापुरते

गोव्यात हा प्रश्न वेगळ्या बाजूने समोर येतो. इथे बाहेरून आलेले दूरस्थ कर्मचारी किनारी गावांतल्या कॅफेंत बसतात आणि त्यांच्या महानगरी वेतनामुळे घरभाडी चढतात, ही स्थानिकांची तक्रार आहे. भोपाळमध्ये टेबलावर बसलेला तरुण बहुधा त्याच शहराचा असतो. दूरस्थ कामाने तो परत आला किंवा गेलाच नाही. गोव्यातील पदवीधरालाही ही दुसरी शक्यता खुली आहे. पणजीत किंवा मडगावात राहून तो दुसऱ्या राज्यातील वा देशातील नोकरी करू शकतो. त्यासाठी त्याला समुद्रकिनाऱ्यावरचे महागडे टेबल नको आहे. गावाजवळ वीज, जोडणी, खुर्ची आणि शांतता मिळाली तरी पुरे.

अशी जागा निर्माण करणे सार्वजनिक संस्थांच्या आवाक्यातले आहे. १८३२ मध्ये स्थापन झालेले आणि आज पाटो येथे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे राज्याचे भूषण आहे. तालुक्यांतील आणि गावांतील वाचनालये, पंचायत घरांच्या रिकाम्या खोल्या आणि बसस्थानकांची प्रतीक्षागृहे यांत काही टेबले, भरवशाचे वाय-फाय आणि फोनवर बोलण्यासाठी एक बंद कोपरा उपलब्ध झाला, तर मोठा खर्च न करता बरेच साधेल. १९५६ मध्ये कार्यालयामागे बिऱ्हाड हलवावे लागले, तो काळ मागे पडला. आपल्या गावात राहून काम करण्याची मोकळीक आता कायद्याने आणि तंत्रज्ञानाने दिली आहे. तिचा लाभ किती जणांना मिळेल, हे बसायला जागा किती जणांना मिळते यावर अवलंबून राहील.